डिंगी किती मोठी असावी?

‘डिंगी’ हा शब्द आज कोणत्याही इंग्रजी कोशात सापडतो, पण तो मूळचा आपल्या देशातला. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातील नद्यांवर जी छोटी होडी चाले तिला डिंगी किंवा डेंगी म्हणत. इंग्रज खलाशांनी हा शब्द उचलला आणि पुढे मोठ्या जहाजाबरोबर नेल्या जाणाऱ्या लहान होडीला तो चिकटला. आज युरोप-अमेरिकेत सुटीच्या प्रवासासाठी एखादे कुटुंब मोटर-यॉट बाळगते, तिच्यावर ठेवलेली होडी हीसुद्धा डिंगीच.

मोठ्या नौकेला लहान होडी कशाला लागते, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. मुंबईहून किनाऱ्याने आगबोटी जात तेव्हा अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. तिथे पडाव बंदरातून येई. अनोळखी किनाऱ्यावर जाणाऱ्या नौकेला मात्र आपला पडाव आपल्याच पाठीवर वाहून न्यावा लागतो. माणसे उतरवणे, पाणी आणि भाजीपाला आणणे, अडकलेला नांगर सोडवणे ही तिची रोजची कामे. आणखी एक काम आहे, ते कधी करावे लागू नये अशीच सर्वांची इच्छा असते. मोठी नौका बुडाली तर माणसांना पाण्यावर धरून ठेवणे.

आता अशी कल्पना करू, की एका पंचेचाळीस फुटी मोटर-यॉटवर नऊ फुटांची डिंगी आहे. मुले मोठी झाली, किनाऱ्यावर जायला दोन खेपा पडू लागल्या, जरा वारा असला की सगळे भिजून निघतात. कुटुंबाला बारा फुटांची डिंगी घ्यावीशी वाटते. फरक तीनच फुटांचा! पण भूमितीच्या दृष्टीने तो तीन फुटांचा नाही. आकार तोच ठेवून लांबी 9 फुटांवरून 12 फूट केली तर प्रत्येक बाजू 4/3 पट होते. डेकवर लागणारी जागा 16/9 पट, म्हणजे 1.78 पट होते, आणि आतले घनफळ 64/27 पट, म्हणजे जवळजवळ 2.4 पट होते. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे होडी जेवढे पाणी बाजूला सारू शकेल तेवढेच वजन पेलू शकते. तेव्हा तीन फुटांनी पेलण्याची शक्ती दुपटीहून अधिक वाढली. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की होडीचे स्वतःचे वजनही 1.8 ते 2.4 पटींच्या दरम्यान कुठेतरी वाढते. कवच तेवढ्याच जाडीचे ठेवले तर ते क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढेल, मजबुतीसाठी जाडही केले तर घनफळाच्या. शिवाय मोठ्या होडीला मोठे इंजिन.

हे वजन यॉटवर कुठे ठेवायचे? जागा बहुधा वरच्या डेकवरच असते. समजा यॉटचे वजन 15 टन आहे आणि इंजिनासह नवी डिंगी 300 किलोची असून ती यॉटच्या गुरुत्वमध्याच्या 3 मीटर वर ठेवली आहे. सगळ्याचा मिळून नवा गुरुत्वमध्य किती वर सरकेल? 300 गुणिले 3 भागिले 15,300, म्हणजे सुमारे 6 सेंटिमीटर. फार वाटत नाही. पण कललेली नौका स्वतःला सरळ करते ती ज्या उंचीच्या बळावर (तिला मेटासेंट्रिक उंची म्हणतात), ती अशा नौकेत मीटरभर धरली तर त्यातले सहा टक्के गेले. डिंगी क्रेनने उचलून बाजूला पाण्यावर नेली की गंमत आणखी वाढते. टांगलेले वजन दोराच्या खालच्या टोकाशी असले तरी नौकेच्या दृष्टीने ते क्रेनच्या टोकाशीच आहे असे वागते. ते मध्यरेषेपासून 3 मीटर बाहेर गेले तर यॉट साडेतीन अंशांनी कलते, आणि हे शांत बंदरात. वर्गात दाखवायला प्लॅस्टिकचा डबा, ओली माती आणि एक लांब पेन्सिल पुरे. मातीचा गोळा डब्याच्या तळाशी ठेवून डबा तरंगवावा, नंतर तोच गोळा उभ्या केलेल्या पेन्सिलीच्या टोकाला लावावा. पुढचे स्पष्टीकरण डबाच देतो.

तात्पर्य, डिंगीचे माप दोन मालक ठरवतात. समुद्र म्हणतो मोठी घ्या, तिला वाहणारी नौका म्हणते लहान घ्या. नौका बंदरात असते तेव्हा दुसऱ्या मालकाचाच आवाज मोठा असतो. हा झगडा जुना आहे आणि त्याचा निकाल कसकसा लागला, हे पाहण्यासारखे आहे.

28 एप्रिल 1789 रोजी पहाटे, टोंगा बेटांजवळ, ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड झाले. बंडखोरांना कप्तान विल्यम ब्लाय याला होडीत घालून सोडून द्यायचे होते. जहाजावर तीन होड्या होत्या. प्रथम त्यांनी सर्वांत लहान होडी काढायला घेतली, पण ती किड्यांनी खाऊन निकामी झालेली होती. मग मधली पुढे आली. पण ब्लायबरोबर जाऊ इच्छिणारे इतके निघाले, की अखेर सर्वांत मोठी, ‘लाँच’ म्हणून ओळखली जाणारी 23 फुटांची होडी द्यावी लागली. तिची रुंदी 6 फूट 9 इंच आणि खोली 2 फूट 9 इंच. तिच्यात एकोणीस माणसे बसली. पाण्यापासून होडीची कड सात-आठ इंचच वर राहिली. एवढ्याच मापाच्या भरवशावर महासागर ओलांडायचा होता.

इथे पुन्हा घनाचा नियम लावून पाहावा. 23 फुटांऐवजी त्याच आकाराची 18 फुटांची होडी मिळाली असती, तर तिचे घनफळ निम्म्याहूनही कमी भरले असते. एकोणीस माणसांचा प्रश्नच उरला नसता. उलट, 23 फुटांच्या होडीतही सगळे मावले नाहीत. बंडात सामील नसलेले काही जण जहाजावरच राहिले. काहींना बंडखोरांनी त्यांच्या कसबासाठी मुद्दाम अडवून ठेवले होते, पण त्यांना सोडले असते तरी होडीने आणखी किती जणांना पेलले असते, याची शंकाच आहे. मनाविरुद्ध मागे राहिलेल्यांपैकी चौघे 1792 मध्ये इंग्लंडमधील लष्करी न्यायालयात निर्दोष सुटले. तोपर्यंत त्यांनी कैद भोगली होती आणि कैद्यांना आणणारे ‘पँडोरा’ हे जहाज 1791 मध्ये फुटले तेव्हा मरणही जवळून पाहिले होते.

ब्लाय माणूस म्हणून कसा होता यावर दोनशे वर्षे वाद चालू आहे. त्यात आम्ही पडत नाही. दर्यावर्दी म्हणून मात्र त्याने त्या होडीत जे केले ते विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचावे असे आहे. वादळ आले तेव्हा जादा कपडे, दोर आणि शिडे समुद्रात टाकून त्याने वजन घटवले. मागच्या बाजूला फळ्या ठोकून त्याने कड नऊ इंचांनी उंच केली आणि भोवती कॅनव्हासचा आडोसा बांधला. भाकरीचे वाटप करायला तराजू नव्हता. दोन करवंट्यांचा तराजू केला आणि वजन म्हणून पिस्तुलाची गोळी वापरली. एका पौंडात अशा पंचवीस गोळ्या बसत, म्हणजे एक गोळी सुमारे 18 ग्रॅमची. एका वेळी माणशी एका गोळीच्या भाराची भाकरी! टोफुआ बेटावर झालेल्या हल्ल्यात एक माणूस मारला गेला. उरलेले अठराही जण 3,618 सागरी मैल, म्हणजे सुमारे 6,700 किलोमीटर, प्रवास करून 14 जूनला तिमोर बेटावरील कुपांगला जिवंत पोहोचले. डोक्यावर छप्पर नाही, पाय पसरायला जागा नाही, आणि रात्रंदिवस पाणी उपसण्याचे काम.

‘बाउंटी’ची होडी मोठी होती म्हणून हे घडले. पण मोठी होडी नेताच येत नसेल तर? जॉन फ्रँकलिनच्या कॅनडातील उत्तर किनाऱ्याच्या मोहिमेत हाच पेच पडला. परतीच्या वाटेवर भुकेने खंगलेल्या माणसांना होड्या वाहून नेणे अशक्य झाले आणि त्या मागे टाकल्या गेल्या. सप्टेंबर 1821 मध्ये ते कॉपरमाइन नदीपाशी आले. नदी काही समुद्र नव्हे, पण पाणी गोठण्याच्या बेतात आणि हाताशी होडी नाही. पलीकडे जायला आठवड्याहून अधिक वेळ गेला. शेवटी कॅनव्हास आणि विलोच्या काठ्यांची एक टोपलीवजा होडी केली आणि एकेक जण पार झाला. त्या मोहिमेतील वीसपैकी अकरा माणसे परत आली नाहीत.

ही हकीकत इंग्लंडमध्ये सर्वांच्या तोंडी होती. तिच्यातून स्फूर्ती घेऊन 1840 च्या दशकात पीटर हॉल्केट या नौदल अधिकाऱ्याने एक विलक्षण वस्तू बनवली. ती अंगावर घातली की झगा, फुगवली की होडी! कापड रबर लावलेले, म्हणजे मॅकिंटॉशच्या रेनकोटाचे. हातातली काठी वल्ह्याचा दांडा होई आणि छत्री शीड. वाचताना हसू येते, पण जॉन रे याने आर्क्टिकच्या 1846-47 च्या सफरीत हॉल्केटची होडी नेली आणि तिची तारीफ केली. नौदलाने मात्र तिच्यात फारसा रस घेतला नाही. वाहताना लहान आणि पाण्यावर मोठी, हे दोन्ही एकाच होडीत साधण्याचा मार्ग हॉल्केटने दाखवला होता. पण त्या मार्गावर मंडळी वळायला पुढची सुमारे नव्वद वर्षे लागली. फ्रान्समधील झोडिआक ही कंपनी मूळची हवाई जहाजे बनवणारी. हवेने फुगवलेल्या कापडाचा तिला सराव होता. 1930 च्या दशकात तिने फुगवायच्या होड्या केल्या. आलाँ बोंबार या फ्रेंच डॉक्टराने 1952 मध्ये साडेचार मीटरच्या अशाच होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला. कॅनरी बेटांहून 19 ऑक्टोबरला निघून तो 23 डिसेंबरला बार्बाडोसला लागला. तेव्हापासून रबरी होडीला खेळणे म्हणणे लोकांनी सोडून दिले.

‘टायटॅनिक’ची गोष्ट सर्वांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. त्या जहाजाला किती होड्या हव्यात, हे प्रवाशांच्या संख्येवरून ठरवण्याचा नियम नव्हता. तो जहाजाच्या टनेजवरून ठरे आणि नियमाचा तक्ता 10,000 टनांपाशी संपत होता. ‘टायटॅनिक’ 46,000 टनांचे. त्यामुळे सुमारे 2,200 माणसांसाठी 1,178 जागा असूनही नियमभंग झाला नाही, उलट नियमापेक्षा होड्या जास्तच होत्या. आमच्या विषयाच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. घडी घालता येणाऱ्या दोन होड्या अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छतावर ठेवलेल्या होत्या. तिथून त्या खाली आणण्याची धड सोय नव्हती. जहाज बुडेपर्यंत त्या नीट पाण्यात सोडता आल्या नाहीत. एक अर्धी पाण्याने भरून वाहून गेली आणि दुसरी उपडी. तिच्या पाठीवर उभे राहून काही जणांनी रात्र काढली. होडी असणे आणि ती वेळेत पाण्यात उतरणे यांत असे अंतर असते.

आता कौटुंबिक नौकेकडे वळू. डूगल रॉबर्टसन हा ब्रिटिश गृहस्थ पूर्वी व्यापारी जहाजावरचा अधिकारी, नंतर दूधदुभत्याचा धंदा करणारा शेतकरी. 1971 मध्ये तो बायकोमुलांना घेऊन 43 फुटांच्या ‘ल्युसेट’ या लाकडी शिडाच्या नौकेतून जगप्रवासाला निघाला. 15 जून 1972 रोजी, गलापागोस बेटांच्या पश्चिमेला, किलर व्हेल माशांच्या (खरे तर हे सस्तन प्राणी, डॉल्फिनचे भाऊबंद) धडकेने नौकेला भगदाड पडले आणि काही मिनिटांत ती बुडाली. नौकेवर त्या वेळी सहा जण होते. नवरा-बायको, मोठा मुलगा, दोन जुळे मुलगे आणि पनामाहून बरोबर आलेला एक तरुण विद्यार्थी. त्यांच्या हाती दोन वस्तू लागल्या. एक फुगवायचा तराफा आणि दुसरी ‘एडनामेर’ नावाची फायबरग्लासची डिंगी, सुमारे नऊ फुटांची.

नऊ फूट म्हणजे आपल्या काल्पनिक कुटुंबाला अपुरी वाटू लागलेली तीच होडी. अशा होडीत बंदरात तीन-चार माणसे बसतात, आणि तीही हलू नका असे सांगून. प्रथम सगळे तराफ्यात राहिले आणि डिंगीला शीड लावून तराफा ओढत नेऊ लागले. पण तराफ्याचे कापड झिजत, फाटत गेले. अडीच आठवड्यांच्या आत तो सोडून द्यावा लागला आणि सहाही जण त्या नऊ फुटांत आले. पाणी पावसाचे आणि अन्न बहुतेक कासवांचे. एकाने जागा बदलायची तर दुसऱ्याने आधी सरकायचे, नाहीतर कड पाण्याखाली जाई. अडतिसाव्या दिवशी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. सहाही जण जिवंत होते. रॉबर्टसनने पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले, आणि 1975 मध्ये समुद्रावर जीव वाचवण्याची एक मार्गदर्शिकाही. ‘एडनामेर’ आज इंग्लंडमधील फॉलमथच्या सागरी संग्रहालयाच्या मालकीची आहे.

यावरून कोणी म्हणेल, बारा फुटांची होडी असती तर? आम्हांला तसे वाटत नाही. 43 फुटांच्या शिडाच्या नौकेवर डेक अरुंद, त्यात डोलकाठ्या आणि दोर. सुमारे दुप्पट जड होडी तिथे मावली असती का, आणि मावली तरी बुडत्या नौकेवरून काही मिनिटांत सुटली असती का? उचलून फेकता येण्याइतकी ती लहान होती, हेही त्या सहा जणांच्या वाचण्याचे एक कारण मानायला हवे. मात्र तराफ्याच्या आधी ती फाटली नाही, ते तिचे कवच कडक होते म्हणून.

कडक होडी टिकते पण जड असते, आणि फुगवलेली हलकी असते पण तिचा तळ झिजतो. या दोहोंचा मेळ घातला गेला तो कुठल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात नव्हे, तर एका शाळेत. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात 1962 मध्ये ॲटलांटिक कॉलेज सुरू झाले. सोळा ते एकोणीस वर्षांची, निरनिराळ्या देशांची मुले तिथे राहून शिकतात. (याच परिवारातील एक शाळा 1997 पासून पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आहे.) पहिले मुख्याध्यापक डेझमंड होर हे नौदलातले रिअर ॲडमिरल. मुले शिडाच्या होड्या चालवायला शिकत आणि त्यांना सांभाळायला मोटरची रबरी होडी लागे. समोर ब्रिस्टलची खाडी. तिथल्या भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, आणि किनारा गोट्यांचा. ओढून ओढून रबरी होड्यांचे तळ फाटत. वेगात चालवली तर कापडी तळ लाटेवर लवे, आणि इंजिनाची शक्ती पुढे नेण्याऐवजी तळ वाकवण्यातच खर्ची पडे.

होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळाला प्लायवुड जोडून पाहिले. ते पहिल्याच झटक्यात जमले नाही. होडीमागून होडी बांधली, समुद्रात नेली, मोडली, बदलली. तळ हळूहळू इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा होत गेला, म्हणजे लाट कापणारा. हवेच्या नळ्या कडेला राहिल्या. आता या रचनेचा हिशोब पाहा. वजनदार भाग खाली आणि मध्ये, तरंगवणारा भाग वर आणि सर्वांत बाहेर. होडी कलू लागली की त्या बाजूची अख्खी नळी पाण्यात जाते आणि तिला परत वर ढकलते. त्यामुळे त्याच लांबीच्या साध्या होडीपेक्षा ती स्थिर राहते, जास्त माणसे घेते आणि पाण्याने भरली तरी बुडत नाही. वेगाचाही फायदा होतो. विल्यम फ्राउड यांनी एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या नमुन्यांवर प्रयोग करून दाखवले होते, की पाणी सारत चालणाऱ्या नौकेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाने बांधलेला असतो. नऊ फुटी होडीला तो ताशी चार सागरी मैलांच्या आसपास पडतो आणि बारा फुटीला साडेचारच्या थोडा पुढे. म्हणजे केवळ लांबी वाढवून वेगात फारसे काही हाती लागत नाही. पण हलकी, कडक तळाची होडी पुरेशा शक्तीने पाण्यावर चढून घसरत जाऊ लागली की हे बंधन सुटते.

1969 मध्ये कॉलेजात बांधलेल्या अशा एका होडीने ब्रिटनच्या किनाऱ्याभोवतीची मोटरबोटींची शर्यत पुरी केली. कितीतरी मोठ्या आणि महागड्या बोटी ती पुरी करू शकल्या नव्हत्या. ब्रिटनची जीवरक्षक नौकांची संस्था 1963 पासून रबरी होड्या वापरतच होती, आणि कॉलेजातही तिचे एक ठाणे होते. ठाण्यावरचे खलाशी म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी. 1969 मध्ये नॉर्वेहून आलेली अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी या संस्थेची किनारी जीवरक्षक होडी चालवण्याचा अधिकार मिळवणारी पहिली स्त्री ठरली. होर यांनी आपले पेटंट संस्थेला 1 पौंडाच्या नाममात्र किमतीला दिले. संस्थेने 1972 मध्ये याच रचनेची होडी सेवेत आणली आणि तिला शाळेवरून ‘ॲटलांटिक’ हेच नाव दिले. लांबी 21 फूट.

आज यॉटवर दिसणाऱ्या डिंग्यांपैकी बऱ्याच या शाळेच्या होडीच्या वंशातल्या आहेत. तीन फूट मोठी डिंगी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे एक मधला रस्ता मिळाला. कडक तळ आणि हवेच्या नळ्या असलेली दहा-अकरा फुटांची होडी पुष्कळदा बारा फुटांच्या फायबरग्लास होडीचे काम करते, वजनाने हलकी पडते आणि यॉटच्या रंगाला ओरखडे काढत नाही. तोटे आहेतच. नळ्या आतली जागा खातात. उन्हाने कापड जुने होते, विशेषतः उष्ण प्रदेशात पीव्हीसीचे. आम्हांला विचारले तर आम्ही मोठ्या होडीच्याच बाजूने मत देऊ, पण एका अटीवर. विकत घेण्याआधी ती त्याच यॉटच्या क्रेनला टांगून, टाकीत पेट्रोल आणि मागे इंजिन ठेवून, वारा सुटलेला असताना घरातल्या दोघांनीच पाण्यात उतरवून दाखवावी. किती मिनिटे लागली ते तिसऱ्याने घड्याळ लावून मोजावे.